1972 ची एमजी मिजेट: रोल बार, रोल केज आणि पलटण्याची भीती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लेस्टरला राहता, 1972 ची एमजी मिजेट, म्हणजे दोन सीटची छोटी उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घेतली आहे, शनिवार-रविवार तुम्ही आणि वहिनी गावाबाहेरच्या अरुंद रस्त्यांवर हिंडता आणि वर्षातून एखाद-दोन ट्रॅक डेला (आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायच्या दिवसांना) जायची इच्छा आहे. तुमची उंची पाच फूट अकरा इंच. कुणीतरी सांगितलं की ही गाडी उलटली तर डोक्यावर काहीच नाही, तेव्हा पूर्ण रोल केज, म्हणजे पोलादी नळ्यांचा पिंजरा, बसवून घ्या. आणि दुसरा कुणी म्हणतो की रस्त्यावरच्या गाडीत केज म्हणजे मरणाला आमंत्रण. खरं काय?

मी इकडे मिडलंड्समध्ये जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या बॉडीचं आणि फॅब्रिकेशनचं काम करतो. रोल बार (सीटमागची पोलादी नळीची कमान) आणि केज बनवणं, बसवणं आणि दुसऱ्यांनी चुकीचे बसवलेले काढणं हे माझं रोजचं काम आहे. तुम्हाला सांगणारे दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिला रेसच्या गाडीबद्दल बोलतोय, दुसरा रस्त्यावरच्या. तुमची गाडी बहुतेक वेळ रस्त्यावर असणार, म्हणून माझं उत्तर आधीच देतो: पूर्ण केज नको. सीटच्या मागे पुरेसा उंच, मागे तिरके टेकू असलेला खरा रोल बार, डोक्याला आधार देणारी चांगली सीट आणि इनर्शिया रील (झटका बसताच अडकणारी गुंडाळी) असलेला तीन बिंदूंचा बेल्ट. पण त्याही आधी फ्लोअर तपासा. असं का, ते समजून घ्या, कारण कारण कळलं नाही तर कुणीही तुम्हाला चकचकीत पाइप विकून जाईल.

आधी गाडी पलटते कशी ते पाहू. मिजेट बुटकी आहे. पुढची-मागची चाकं धरून तिची ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, सरासरी सुमारे 1.15 मीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून 45 सेंमीवर धरला, तर ट्रॅकला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागून साधारण 1.28 येतात. याचा अर्थ सपाट डांबरावर नुसत्या वळणाच्या जोरावर ती उलटवायला गुरुत्वाकर्षणाच्या सव्वापटीहून जास्त बाजूचा जोर लागेल. रस्त्यावरचे साधे टायर त्याच्या खूप आधी घसरतात. म्हणून मिजेट डांबरावर गिरक्या घेते, पण सहसा आपल्याआप उलटत नाही. ती उलटते ती आडवी घसरत असताना चाक कशाला तरी अडकलं म्हणजे. रस्त्याची कड, कडेची ओली माती, नाली, झाडाचं मूळ. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याच्या म्हणण्याप्रमाणे एकट्या गाडीच्या पलटण्याच्या अपघातांत सुमारे 95 टक्के वेळा गाडी अशीच कशाला तरी अडकून उलटते. तुम्ही ज्या रस्त्यांवर हिंडता त्यांच्या दोन्ही बाजूंना कुंपणाची झुडपं, मातीचा उंचवटा आणि खाली नाली असते. म्हणजे धोका खरा आहे, पण तो सुरू होतो गाडी आडवी होण्यापासून. जुने कडक झालेले टायर, गळके डॅम्पर (शॉक अब्सॉर्बर) आणि एका बाजूला ओढणारे ब्रेक ही त्याची सुरुवात. मिजेटला लिव्हर आर्म डॅम्पर असतात. त्यांतलं तेल वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. टायरवर नक्षी भरपूर दिसते, पण बाजूच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. दहा वर्षांपूर्वीचा टायर असेल तर रोल बारच्या आधी पैसे तिथे घाला.

इथे एक फरक सांगायलाच हवा, कारण हा प्रश्न वाचणाऱ्या बऱ्याच जणांकडे मिजेट नसून ट्रायम्फ स्पिटफायर असेल. 1962 पासूनच्या पहिल्या स्पिटफायरना मागे स्विंग ॲक्सल, म्हणजे मधल्या सांध्यापासून दोन्हीकडे वर-खाली झुलणारा ॲक्सल, होता. वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागचा भाग वर उचलला जातो, बाहेरचं चाक आत दुमडतं आणि गाडी स्वतःच्याच चाकावर चढू पाहते. 1970 च्या मार्क फोरपासून ट्रायम्फने मागची आडवी स्प्रिंग बदलून हा दोष बराच कमी केला. त्याआधीची स्पिटफायर असेल तर पलटण्याच्या बाबतीत ती मिजेटपेक्षा वेगळी गाडी आहे, असं समजूनच निर्णय घ्या. मिजेटचा मागचा ॲक्सल सरळ, एकसंध आहे. त्याचे बाकीचे दोष असतील, पण हा नाही. शिवाय तुमची गाडी 1972 ची, म्हणजे क्रोम बंपरवाली. 1974 च्या अखेरीस अमेरिकेतल्या बंपरच्या नियमांसाठी रबर बंपर आले आणि गाडीची उंचीही वाढवली गेली. त्या गाड्यांपेक्षा तुमची गाडी मुळातच खाली बसलेली आहे.

आता समजा, गाडी उलटलीच. मग तुमच्या डोक्यावर काय असतं? विंडस्क्रीनची चौकट आणि कापडी हूड, म्हणजे दुमडतं छप्पर. हूड हिशेबात धरायचाच नाही. विंडस्क्रीनची चौकट दोन्ही बाजूंना खाली बोल्टनी धरलेली असते आणि ती वारा अडवायला केलेली आहे, सातशे किलोची गाडी पेलायला नाही. माझ्याकडे दुरुस्तीला आलेली एक स्पिटफायर मला अजून स्पष्ट आठवते. नालीत चाक जाऊन उलटलेली. चौकट डॅशबोर्डवर सपाट झोपलेली, काचेचा चुरा स्टिअरिंगच्या मागे साचलेला. सीटमागच्या रोल बारच्या डोक्यावरचा रंग हातभर लांबीत खरवडून गेला होता आणि त्या ओरखड्यात चिखल-गवत वाळून बसलं होतं. मालक चालत बाहेर आला होता. पण फ्लोअरच्या बाजूने पाहिलं तर बारच्या उजव्या पायाखालची पोलादी पट्टी पत्र्यात बोटभर रुतलेली होती. पत्रा शाबूत होता म्हणून तेवढ्यावर निभावलं.

बार कितीही जाड घ्या, त्याचा सगळा जोर शेवटी चार-सहा ठिकाणी पत्र्यावरच येतो. तिथला पत्रा गंजलेला असेल तर बारचा पाय ओल्या पुठ्ठ्यात स्टुलाचा पाय घुसावा तसा घुसतो. बार खाली जातो आणि तुमचं डोकं वर राहतं. मिजेटला वेगळी चेसिस नाही, बॉडीच चेसिस आहे. सिल (दारांखालची लांब पोकळ पट्टी), मागच्या स्प्रिंगचं पुढचं टोक जिथे बसतं तो भाग, सीटमागचा उभा पत्रा आणि मागच्या चाकांच्या आतल्या कमानी, या गाडीच्या नेमक्या गंजणाऱ्या जागा याच आणि बार बसवायच्या जागाही याच. त्यामुळे गाडी लिफ्टवर घ्या, अंडरसील (खालून लावलेला गंजरोधक लेप) खरवडून काढा, नुसतं वरून बघू नका. मी एक जुना स्क्रूड्रायव्हर आणि छोटी हातोडी घेऊन बसतो. निरोगी पत्रा टणत्कार देतो, कुजलेला बद्द वाजतो. बद्द आवाज आला की तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा. कित्येकदा तो अंडरसीलमधून आरपार जातो आणि बोटाला लाल भुकटी लागते. मालकाला वाईट वाटतं, पण हे रस्त्यावर कळण्यापेक्षा लिफ्टवर कळलेलं बरं. तुमच्या गाडीला चाळीस वर्षं उलटून गेली म्हणून एमओटी (ब्रिटनमधली गाडीची वार्षिक तपासणी) करावी लागत नाही, त्यामुळे कुणी तिसरा माणूस खालून बघतच नाही. एमओटीत बेल्टच्या बोल्टभोवती 30 सेंमीपर्यंतचा गंज बघतात. तीच शिस्त तुम्ही रोल बारच्या पायांना लावा.

फ्लोअर पक्का निघाला की मग बार. रेसिंगसाठीच्या एफआयएच्या (जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या) नियमांत मुख्य हूपसाठी, म्हणजे मोठ्या कमानीसाठी, 45 मिमी व्यासाची, 2.5 मिमी जाडीची किंवा 50 मिमी व्यासाची, 2 मिमी जाडीची जोड नसलेली कोल्ड ड्रॉन पोलादी नळी सांगितली आहे. बाकीच्या नळ्या 38 बाय 2.5 किंवा 40 बाय 2. तुमच्या गाडीला हे नियम लागू नाहीत, पण मोजपट्टी म्हणून ते उत्तम आहेत. विकणाऱ्याला विचारा: नळी कोणती, जाडी किती, सीमलेस की वेल्ड केलेली? उत्तर अडखळत आलं तर समजून जा. बाजारात स्टीलचे चकचकीत, दोन डोक्यांमागे दोन कमानी असलेले बार मिळतात. दिसतात छान. त्यांतला एक मी काढून हॅकसॉने कापून पाहिला होता, भिंत दीड मिलिमीटरचीही भरली नाही आणि मागे टेकू नव्हते. असा बार पुढून-मागून जोर आला की आडवा होतो. गाडी उलटताना क्वचितच सरळ डोक्यावर पडते. ती पुढे सरकत, घासत, गोल फिरत उलटते, त्यामुळे बारवर येणारा जोर मागे ढकलणारा आणि बाजूला ढकलणारा असतो. मागे जाणारे दोन सरळ टेकू आणि हूपमध्ये एक तिरकी नळी, या दोन्हींशिवाय बार म्हणजे नुसती शोभा. टेकू उभ्या रेषेपासून निदान 30 अंश मागे झुकलेले हवेत आणि वाकवलेले नकोत. मिजेटमध्ये ते मागच्या कमानींवर किंवा बूटच्या (डिकीच्या) आत उतरवावे लागतात. बूटमधली जागा थोडी जाते, त्याला इलाज नाही.

पायाखालच्या पट्टीचंही असंच. एफआयए म्हणतं, मुख्य हूपच्या प्रत्येक पायाखाली निदान 120 चौरस सेंमीची आणि 3 मिमी जाडीची पट्टी, आणि 8.8 ग्रेडचे निदान तीन एम8 बोल्ट. पत्र्याखाली वॉशर घालून आवळलेला एकच बोल्ट मी अनेकदा काढला आहे. तो चालत नाही. पट्टी शक्यतो फ्लोअर आणि सिल अशा दोन्ही पातळ्यांवर वाकवून घ्यावी, म्हणजे जोर सिलपर्यंत पसरतो. वजनाची चिंता करू नका. 45 बाय 2.5 ची नळी मीटरला सुमारे 2.6 किलो भरते. टेकू, तिरकी नळी, पट्ट्या धरून सगळं मिळून पंधरा किलोच्या आसपास जातं आणि ते बरंचसं सीटमागे, खालीच राहतं.

उंचीचं काय? इथे तुमच्या पाच फूट अकराचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते हाच सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. मिजेटमध्ये तुमच्या उंचीचा माणूस बसला की नजर विंडस्क्रीनच्या वरच्या पट्टीजवळ येते. अशा माणसाच्या मागे हूडच्या आत मावणारा बार बसवला की तो बहुधा कानाच्या उंचीला येऊन थांबतो. हे तपासायला एक झाडूचा दांडा पुरतो. नेहमीसारखे सीटवर बसा, बेल्ट आवळा, आणि वहिनींना बारच्या माथ्यावरून विंडस्क्रीनच्या माथ्यापर्यंत दांडा धरायला सांगा. डोकं दांड्याच्या खाली राहायलाच हवं. ट्रॅकवर हेल्मेट घालून मोजायचं आणि हेल्मेटच्या वर निदान दोन इंच मोकळे हवेत. आणि मगाशी सांगितलं तसं विंडस्क्रीनवर भरवसा नाही, म्हणून मी बारचा माथा एकट्यानेच डोक्याच्या वर असावा असा आग्रह धरतो. जागा कमी पडली तर दोन रस्ते आहेत. एक, सीट खाली आणणं: पातळ फोम, सीटची रुळपट्टी काढून फ्लोअरवर थेट बसवणं, यातून दोन-तीन इंच सहज मिळतात. दुसरा, बार उंच करणं. मग हूडची काठी आडवी येते. 1966 नंतरच्या मिजेटना हूड गाडीलाच जोडलेला, मागे दुमडणारा असतो, त्याच्या आधीच्या सुट्या चौकटीच्या हूडसारखा तो बाजूला ठेवून देता येत नाही. काही मालक पावसात गाडी काढायचीच नाही असं ठरवून उंच बार घेतात. लेस्टरच्या हवेत ते किती जमेल ते तुम्ही ठरवा. आधी सीट खाली आणा, माझा सल्ला तोच.

आता पूर्ण केज नको असं का म्हणतो ते. केज म्हणजे पुढे विंडस्क्रीनच्या कडेने जाणारी कमान आणि डोक्याच्या बाजूने, कानाच्या जवळून पुढे जाणाऱ्या नळ्या. मिजेट एवढी अरुंद आहे की त्या नळ्या तुमच्या कपाळापासून आणि कानशिलापासून वीतभरही लांब राहत नाहीत. ट्रॅकवर हेल्मेट असतं, सहा बिंदूंचा हार्नेस शरीराला सीटला बांधून ठेवतो, सीटला बाजूंचे आधार असतात. रस्त्यावर यातलं काहीच नसतं. साध्या तीन बिंदूंच्या बेल्टमध्ये टक्कर झाल्यावर बेल्ट ताणला जातो, शरीर वळतं आणि डोकं पुढे आणि बाजूला बरंच जातं. पलटण्याची वेळ आयुष्यात कदाचित येणारही नाही, पण चौकात कुणीतरी बाजूने ठोकणं रोजच्या शक्यतेतलं आहे. त्या साध्या धडकेत उघडं डोकं पोलादी नळीवर आदळणं, ही केजची रस्त्यावरची खरी किंमत आहे. नळीवर फोम लावला की झालं, असं सांगतात. पाणी गरम ठेवायच्या पाइपवर चढवतात तो मऊ फोम बोटाने दाबून बघा, थेट नळी लागते. रेसिंगसाठीचं घट्ट पॅडिंग येतं, एफआयए 8857 प्रमाणपत्राचं, आणि मी रोल बारवरही डोक्याजवळच्या भागात तेच लावतो. पण ते मुळात हेल्मेट घातलेल्या डोक्यासाठी आहे. उघड्या डोक्याला नळीपासून अंतर हवं, पॅडिंग नंतर. रोल बारसुद्धा डोक्याच्या मागे जेवढा लांब ठेवता येईल तेवढा ठेवायचा.

तुमच्या गाडीला 1972 चे बेल्ट असतील तर ते आता फक्त आठवण म्हणून ठेवा. पन्नास वर्षांच्या उन्हात पट्टा कडक होतो, शिलाई कुजते. नवे इनर्शिया रीलचे बेल्ट घ्या. काही जण फॅशन म्हणून चार बिंदूंचा हार्नेस लावतात, तोही रोल बार नसताना. हे मला सगळ्यात जास्त धोक्याचं वाटतं. बार नसलेल्या उघड्या गाडीत हार्नेस माणसाला ताठ बसवून ठेवतो, म्हणजे गाडीतली सगळ्यात उंच वस्तू तुमचं डोकंच. शिवाय खांद्याचे पट्टे सीटमागच्या फ्लोअरला खाली खेचून बांधलेले असले, तर धडकेत ते मणक्याला वरून खाली दाबतात. ते पट्टे खांद्यापासून मागे जवळजवळ आडवे जायला हवेत. 45 अंशांपेक्षा जास्त उतार अजिबात नको, दहाच्या आसपास असलेला बरा. त्यासाठी रोल बारला खांद्याच्या उंचीवर एक आडवी नळी करून घेतात. ट्रॅक डेसाठी तशी नळी आत्ताच करून घ्या, हार्नेस नंतर कधीही लावता येईल. हार्नेस लावलात तर मांड्यांमधले पट्टे असलेला घ्या, नाहीतर धडकेत शरीर कमरेच्या पट्ट्याखालून पुढे सरकतं.

सीटबद्दल फार लिहीत नाही, पण विसरू नका. जुन्या मिजेटच्या बऱ्याच सीटना डोक्याचा आधार नसतो आणि पाठ खांद्याशी संपते. मागून कुणी ठोकलं तर डोकं मागे फेकलं जातं आणि आता त्याच्या मागे पोलादी नळी आहे. म्हणून बार लावला की डोक्याचा आधार असलेली सीट लावणं सक्तीचं समजा, दोन्ही बाजूंना. वहिनींच्या सीटलासुद्धा. बारही दोन्ही सीटच्या मागे पूर्ण रुंदीचा घ्या. नुसत्या ड्रायव्हरच्या मागचा छोटा हूप एकट्याने रेस करणाऱ्यांसाठी असतो.

हार्डटॉप लावला तर चालेल का, असंही तुम्ही विचारलंत. थंडीला चालेल. फायबरग्लासचं छप्पर चार क्लिपांवर बसलेलं असतं, उलटताना ते निघून जातं किंवा फुटतं. या भीतीची दखल कंपन्यांनीही घेतली होती, एवढं मात्र खरं. अमेरिकेत उघड्या गाड्यांवर बंदी येणार या धास्तीने पोर्शने 1965 मध्ये पक्क्या कमानीची टार्गा दाखवली आणि ट्रायम्फची टीआर7 1975 मध्ये सुरुवातीला फक्त बंद छपराची आली. ती बंदी शेवटी आलीच नाही, पण त्या कमानी गाडीच्या सांगाड्याचा भाग म्हणून घडवलेल्या होत्या. वरून ठेवलेलं झाकण आणि सांगाड्यात रुजलेली कमान यांत हाच फरक.

आणखी एक गोष्ट. गाडी उलटी झाली की पेट्रोल गळतं, आणि आत माणूस बेल्टला लटकलेला असतो. तुमच्या 1275 सीसीच्या गाडीत मागे इलेक्ट्रिक एसयू पंप आहे. इग्निशन चालू असेपर्यंत तो पेट्रोल ढकलतच राहतो. धक्का लागताच पंपाची वीज तोडणारा इनर्शिया स्विच फार स्वस्तात मिळतो आणि तासाभरात बसतो. रबरी पेट्रोल पाइप आणि टाकीच्या गळ्याजवळचा जोडपाइप त्याच वेळी बदला. हे काम मी रोल बारच्याही आधी करून घेईन.

विमा कंपनीला बार, सीट आणि बेल्टचा बदल लेखी कळवा. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी निघाला तर भांडत बसावं लागतं. बार बोल्टने बसवलेला असू द्या, बॉडीला वेल्ड करू नका, म्हणजे पुढे गाडी मूळ रूपात न्यायची तर नेता येईल. ट्रॅक डेच्या आयोजकांचे उघड्या गाड्यांसाठीचे नियम वेगवेगळे असतात. बार ऑर्डर करण्याआधी तुम्ही जाणार त्या ट्रॅकचा नियम वाचा, बारची उंची त्यावर ठरेल.

तर आता दोन गोष्टी करा. झाडूचा दांडा धरून, बेल्ट आवळून, हेल्मेटसह आणि हेल्मेटशिवाय डोक्याच्या वर किंवा खाली किती इंच येतात ते मोजा. आणि सीट काढून, गालिचा उचलून, दोन्ही सीटमागच्या कोपऱ्यांचे आणि खालून स्प्रिंगच्या पुढच्या टोकाचे अंडरसील खरवडलेले फोटो टाका. माप आणि फोटो बघितल्यावर पाय कुठे घ्यायचे, पत्रा आधी बदलायचा का आणि बार किती उंच करायचा, हे मला नेमकं सांगता येईल.